बांधकामाच्या पोरांना एआय शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

ओळंबा_मास्तर

नमस्कार मंडळी. बांधकामाच्या डिप्लोमाला शिकवतो, काँक्रीट टेक्नॉलॉजी आणि एस्टिमेटिंग. या सत्रापासून एआय साक्षरता म्हणून काहीतरी घ्या असं सांगण्यात आलंय आणि सोबत जे साहित्य मिळालं ते सगळं कॉम्प्युटरवाल्यांच्या हिशोबाने बनवलेलं, १९५६ ला डार्टमथला परिषद भरली इथपासून सुरुवात, मग न्यूरल नेटवर्कचे गोल आणि बाण, शेवटी पायथॉनचा प्रोग्राम. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना साइटवर जायचंय, काहींच्या घरचीच ठेकेदारी आहे, त्यांच्यासमोर हे बाण काढत बसलो तर दहाव्या मिनिटाला सगळे मोबाईलमध्ये असतील.

आणि मोबाईलमध्ये काय करतील, तर एआयच वापरतील. वापर दणकून चालू आहे, त्याबद्दल मला भ्रम नाही. एक असाइनमेंट दिली होती, एक घनमीटर एम२० काँक्रीट, प्रमाण १:१.५:३, सिमेंटच्या गोण्या किती. काहींचं उत्तर आठच्या आसपास, बरोबर. पण एका मोठ्या गटाचं सव्वापाच! बघितलं तर १.५४ चा गुणकच नाही (कोरडा माल मिसळला की आकारमान घटतं म्हणून तो लावतात), म्हणजे तयार काँक्रीटचं आकारमान तेच कोरड्या मालाचं धरून थेट साडेपाचने भागलंय. पुढे सिमेंटच्या घनतेने, म्हणजे १४४० ने गुणणं, गोणीच्या ५० किलोने भागणं, सगळं चोख. विचारलं तर म्हणतात, सर स्टेप्स आहेत की सगळ्या. आता यांना काय बोलणार.

तर प्रश्न असा की या पोरांना एआयबद्दल शिकवायचं तर नेमकं काय? वेगळे तास घ्यायचे की चालू विषयातच घुसवायचं? कोडिंग लागतं का खरंच? आणि वापरू द्यायचं की सरळ बंदी, कारण आमच्याकडे दोन्ही मतांचे लोक आहेत आणि रोज वाद आहेत. साइटवर किंवा डिझाइनमध्ये असलेल्यांनी जरूर लिहा, पुस्तकी उत्तरं माझ्याकडे भरपूर आहेत.

जुना_कॅल्क्युलेटर

मास्तर, तुमच्या सव्वापाच गोण्यांमध्येच तुमचा अख्खा अभ्यासक्रम आहे बघा. स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आयुष्य गेलंय म्हणून सांगतो, मशीनची चूक आता गणितात फार सापडत नाही. सुरुवातीची चॅटजीपीटी साधा गुणाकार चुकायची, आता ही टूल्स हिशोबासाठी मागे छोटा प्रोग्राम चालवतात आणि आकडा बरोबर काढतात. चूक असते ती गृहीतकात. काय धरलं, कुठला कोड (म्हणजे बांधकामाचं मानक) धरला, कुठला गुणक सोडला. आणि गृहीतक चुकलेलं उत्तर दिसायला बरोबर उत्तरासारखंच दिसतं, उलट जास्त नीटनेटकं.

कॉम्प्युटरवरचा आंधळा विश्वास एआयने आणलेला नाही, हे पोरांना पहिल्याच तासाला सांगा आणि स्लीपनर ए ची गोष्ट सांगा. नॉर्वेचा समुद्रातला तेल-वायू प्लॅटफॉर्म, त्याचा काँक्रीटचा प्रचंड पाया, २३ ऑगस्ट १९९१ ला फ्योर्डमध्ये पाण्यात उतरवून चाचणी चालू असताना ६५ मीटर खोलीच्या सुमाराला पोकळ कप्प्यांमधली भिंत फाटली आणि सगळा पाया तळाला गेला. माणसं वाचली पण नुकसान साधारण ७० कोटी डॉलरचं. चौकशीत काय निघालं, तर फायनाइट एलिमेंटच्या (रचनेचे छोटे तुकडे पाडून ताण काढायच्या) मॉडेलमध्ये त्या कप्प्यांच्या सांध्यापाशी जाळी ओबडधोबड घेतली होती, त्यामुळे शिअर, म्हणजे कातरणारा ताण, ४७ टक्के कमी आला, भिंती पातळ ठरल्या आणि वर सळयांचं अँकरेजही (काँक्रीटमधली टोकाची पकड) तिथे अपुरं पडलं. सॉफ्टवेअर नावाजलेलं होतं हो, नॅस्ट्रन, त्याने दिलेल्या मॉडेलचं उत्तर इमानदारीत काढलं. नंतर नीट हिशोब मांडून बघितला तर भिंत ६२ मीटरला जाईल असं उत्तर आलं, म्हणजे प्रत्यक्षाच्या अगदी जवळ. हे आधी कुणी मांडून बघितलं असतं तर? हा प्रश्न वर्गात टाका आणि गप्प बसा.

आता उपाय. माझ्याकडे नवीन मुलं येतात त्यांना मी एकच शिस्त लावतो, एआयला विचारायच्या आधी वहीत अंदाज लिहायचा, पेनने, पेन्सिलने नाही. १५० मिमी स्लॅबचं स्वतःचं वजन किती, काँक्रीटचं घनमीटरला २५ किलोन्यूटन धरून ३.७५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, हे तोंडी आलं पाहिजे. १२ च्या सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.८९ किलो. एक टक्का स्टील म्हणजे घनमीटरला ७८.५ किलो. एवढं डोक्यात असेल तर एआयने साध्या स्लॅबला घनमीटरमागे ४०० किलो स्टील काढून दिलं की पोरगा म्हणेल, अरे हे पाच टक्के झालं, सळया बसणार कशा आणि काँक्रीट जाणार कुठून. तुमच्या प्रश्नात सुद्धा ज्याला १:१.५:३ ला घनमीटरमागे आठ गोण्या हे पाठ आहे त्याला सव्वापाच बघून खटकणारच. ज्याला अंदाजच नाही त्याला काहीही खपतं.

दुसरी गोष्ट कोडची. हे एआय जगभरचा मजकूर वाचून तयार झालंय, त्यामुळे ते कोड सरमिसळ करतं आणि सांगत नाही. भारताच्या आयएस ४५६ मध्ये एम२५ म्हणजे १५० मिमीच्या क्यूबची २८ दिवसांची ताकद. अमेरिकेचा एसीआय ३१८ सिलिंडरवर चालतो, १५० बाय ३००. युरोकोडमध्ये सी२५/३० असं लिहितात, पहिला आकडा सिलिंडरचा, दुसरा क्यूबचा. तोच माल सिलिंडरला साधारण २० टक्के कमी ताकद दाखवतो. आता पोराने "२५ एमपीए काँक्रीट" एवढंच टाइप केलं तर एआयने कुठलं धरलं? सूत्र एका देशाचं आणि ताकद दुसऱ्याची असं कडबोळं मी स्वतः बघितलंय आणि खाली व्यवस्थित कलम क्रमांकही दिलेला. त्या क्रमांकाला कोडमध्ये भलतंच काहीतरी होतं. म्हणून कलम दिसलं की लायब्ररीतली प्रत उघडायची आणि बोट ठेवून वाचायचं, हा प्रॅक्टिकलचा भाग करा.

क्यूब_टेस्ट_ताई

वरच्या सरांशी सहमत, पण डिझाइनवाल्यांना वाटतं सगळे डिझाइनच करतात. साइटवर क्वालिटी बघते मी. आमच्याकडे एआयचा वापर कुठे होतो सांगू का, रोजच्या प्रोग्रेस रिपोर्टला, कन्सल्टंटला पाठवायच्या शंकांना, मेथड स्टेटमेंट (काम कसं करणार त्याचा आराखडा) लिहायला आणि सकाळच्या टूलबॉक्स टॉकसाठी, म्हणजे कामाआधी कामगारांना द्यायच्या सूचनांसाठी. शेवटचा वापर खरंच भारी आहे, एकाच गॅंगमध्ये चार भाषा बोलणारे लोक असतात, सूचना त्यांच्या त्यांच्या भाषेत करून मिळते, फक्त ती भाषा येणाऱ्या कुणाकडून तरी एकदा वाचून घ्यावी लागते कारण शटरिंग, टेकू असल्या शब्दांना ते कधीकधी भलतंच काहीतरी ठेवून देतं.

मेथड स्टेटमेंट मात्र डोकेदुखी झालीय. नवीन इंजिनियर एआयकडून बारा पानं काढून आणतो, वाचायला छान, आणि त्यात आमच्या साइटचं काहीच नसतं. क्रेन कुठे उभी राहणार नाही, पंपाची लाइन कुठून नाही, शेजारी खोदाई चालू आहे त्याचा पत्ता नाही.

सर तुम्हाला एक प्रॅक्टिकल सुचवते, मी ट्रेनींना देते. एआयला विचारायला लावायचं, "स्लॅबचं शटरिंग कधी काढू?" ते लगेच दिवस सांगून मोकळं होतं, कधी सात, कधी चौदा, कधी अजून काही. मग मुलांना म्हणायचं की आता उत्तराकडे बघू नका, त्याने तुम्हाला काय काय विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही ते लिहा. स्पॅन किती? आयएस ४५६ मध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याच्यावर गेला की १४. सिमेंट कुठलं? ते दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत, फ्लाय ॲश किंवा स्लॅग असेल तर गणित बदलतं. हवा किती थंड? १५ अंशाखाली तापमान गेलं नाही, क्युरिंग नीट झालं, असं धरून ते दिवस दिलेत. कॅंटिलिव्हर आहे का? वरच्या मजल्याचे टेकू याच स्लॅबवर आहेत का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे दिवस ही नुसती सोय, कोडचा मूळ मुद्दा ताकदीचा आहे, शटरिंग काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार त्याच्या दुप्पट ताकद तरी आलेली पाहिजे. मुलं ही यादी काढतात ना तेव्हा त्यांना कळतं की प्रश्नच अर्धवट होता. पुढच्या वेळी प्रश्नच नीट टाकतात. प्रॉम्प्ट इंजिनियरिंगचा वेगळा कोर्स कशाला हवा मग.

अजून एक, आणि याच्यावर मी अजिबात ऐकून घेत नाही. मोजलेला आकडा एआयने लिहायचा नाही. स्लम्प (ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते), क्यूबचा लोड, लेव्हल, तापमान. रिपोर्टचा नमुना देऊन "भरून दे" म्हटलं की ते रिकाम्या जागी अगदी खरे वाटणारे आकडे भरतं, स्लम्प १००, ११०, ९५ असे, कुणालाही शंका येणार नाही. त्याला ते खोटं वाटतच नाही, त्याच्या दृष्टीने तिथे असंच काहीतरी येतं. पण उद्या तो स्लॅब गळला किंवा तडकला तर ते रजिस्टर उघडणार आणि सही तुमची असणार. मुलांना हे एआयच्या तासाला सांगा नाहीतर क्यूब टेस्टच्या प्रॅक्टिकलला सांगा पण सांगाच.

बॅकलॉग_क्लिअर

मी विद्यार्थी आहे, शेवटचं वर्ष. सर रागावू नका पण बंदीचा विषय काढूच नका, ती कुणी पाळत नाही आणि पाळतोय असं दाखवण्यात सगळ्यांचा वेळ जातो. आमच्याकडे एका सरांनी एआय डिटेक्टर लावला, त्यात ज्याने खरंच हाताने लिहिलं होतं तो अडकला आणि ज्याने एआयचं उत्तर दोनदा फिरवून घेतलं तो सुटला. तेव्हापासून त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही.

दुसरं म्हणजे सगळे फक्त फसवाफसवीचंच बोलतात. बेंडिंग मोमेंटची खूण धन का ऋण हे मला वर्गात कळलं नव्हतं आणि तिसऱ्यांदा विचारायची हिंमत नव्हती. रात्री एआयला विचारलं, दहा वेळा विचारलं, ते कंटाळत नाही, ओरडत नाही. तसंच साइटवर ट्रेनिंगला गेलो तेव्हा मुकादम काय बोलतो तेच कळायचं नाही, विचारलं तर सगळे हसणार. म्हणजे शिकायला उपयोग आहे हो, फक्त तो कसा करायचा हे कुणी सांगत नाही, एकतर वापरू नका म्हणतात नाहीतर वापरा म्हणतात.

माझं मत विचाराल तर तोंडी घ्या. असाइनमेंट काहीही वापरून करू दे, नंतर समोर उभं करून तीन प्रश्न विचारा, १.५४ कुठून आला, नसता तर काय झालं असतं. ज्याने समजून केलंय तो सांगेल. आणि ताईंनी लिहिलेलं शटरिंगचं प्रॅक्टिकल आम्हाला असतं तर मजा आली असती.

एक शंका पण आहे, खरं सांगा, एस्टिमेटिंगची नोकरी राहणार का? ड्रॉइंग टाकलं की क्वांटिटी काढणारी सॉफ्टवेअर आलीत.

डेटा_आणि_वाळू

मी पण शिकवते, मटेरियल टेस्टिंग लॅब माझ्याकडे आहे. मास्तर, कोडिंग लागत नाही पण डेटा हातात आल्याशिवाय एआय म्हणजे काय हे कळत नाही असं माझं ठाम मत आहे. चॅटबॉटवर सगळा भर दिला की पोरांना वाटतं एआय म्हणजे गप्पा मारणारं काहीतरी. साइटवर येणारं बरंचसं एआय गप्पा मारतच नाही, ते फोटोतून तडे शोधतं, ताकदीचा अंदाज देतं, हेल्मेट मोजतं.

काँक्रीटचा एक जुना डेटासेट आहे, आय-चेंग ये या संशोधकाचा, यूसीआय या अमेरिकी विद्यापीठाच्या साठ्यात फुकट मिळतो. १,०३० ओळी. सिमेंट, स्लॅग, फ्लाय ॲश, पाणी, सुपरप्लास्टिसायझर, खडी, वाळू आणि वय, असे आठ रकाने आणि शेवटी कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ. हा थेट स्प्रेडशीटमध्ये उघडतो. मी आधी काय करते, २८ दिवसांच्या ओळी गाळून घ्यायच्या, पाणी भागिले सिमेंट असा एक रकाना करायचा आणि ताकदीबरोबर आलेख काढायचा. ठिपक्यांचा ढग येतो आणि तो खाली उतरत जातो. पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं की ताकद घटते हा एब्रॅम्सने १९१८ मध्ये मांडलेला नियम पोरांना स्वतःच्या डोळ्याने दिसतो, पण रेघ दिसत नाही, ढग दिसतो. एकाच गुणोत्तराला ताकद इतकी वरखाली का? मग चर्चा सुरू होते, स्लॅग आहे, फ्लाय ॲश आहे, आणि कुणीतरी विचारतंच की मॅडम क्युरिंग कसं केलं होतं? त्याचा रकानाच नाही. कॉम्पॅक्शनचा नाही. माझ्या दृष्टीने एआय साक्षरता तिथे सुरू होते, जे मोजलंच नाही ते मॉडेलला माहीत असणार कसं.

मग ऑरेंज नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात चौकोन ओढून जोडायचे, कोडिंग नाही, त्यात मॉडेल बनवायचं. मॉडेल झालं की त्याला मुद्दाम वेडंवाकडं विचारायचं. या डेटात सिमेंट घनमीटरला साधारण १०० ते ५४० किलो एवढंच आहे, तर ८०० विचारा. उत्तर येतं! दशांशासकट. रेषीय मॉडेल असेल तर आकडा वाढतच जातो, आणि उलट बाजूला एकदम कमी सिमेंट, जास्त पाणी, एक दिवस वय टाकलं तर उणे ताकद सुद्धा निघू शकते, तेव्हा वर्ग हसतो. झाडावालं (फांद्यांसारखे एकामागून एक हो-नाही प्रश्न विचारणारं) मॉडेल असेल तर ते कडेचा आकडा धरून बसतं, त्यामुळे तिथे चूक हसण्यासारखी दिसत नाही आणि म्हणून जास्त धोक्याची. दोन्हीपैकी एकही मॉडेल "मला माहीत नाही" म्हणत नाही.

तड्यांसाठी एसडीनेट२०१८ बघा, युटा स्टेट युनिव्हर्सिटीचा, ५६,००० च्या वर फोटोंचे तुकडे, पुलाचे डेक, भिंती, फरसबंदी, तडे ०.०६ मिमीपासून २५ मिमीपर्यंत. त्यात तडा असलेले फोटो साधारण १५ टक्केच आहेत. आता वर्गाला विचारायचं, मी एक मॉडेल आणलंय, ८५ टक्के अचूक आहे, विकत घ्याल? सगळे हो म्हणतात. मग सांगायचं की हे मॉडेल प्रत्येक फोटोला "तडा नाही" एवढंच म्हणतं. हा एक प्रश्न विचारायला शिकले, की अचूकता म्हणजे नेमकी कशाची, किती तडे सुटले आणि किती वेळा उगाच ओरडलं, तर उद्या कुठलाही सेल्समन त्यांना गंडवू शकणार नाही. शिवाय सापडलेला तडा प्लास्टिक श्रिंकेजचा की शिअरचा हे फोटोवरून ते सांगत नसतं, ते ठरवायला बीम कुठे आहे, तडा तिरका आहे का, वाढतोय का हे बघायला माणूस लागतो.

युनेस्कोने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एआय क्षमतांचा आराखडा काढलाय, त्यात तीन पायऱ्या आहेत, समजणं, वापरणं, निर्माण करणं. आपल्या पोरांना पहिल्या दोन पुरे. तिसरीच्या नादात बरेच कॉलेज पायथॉन शिकवतात आणि पहिली राहूनच जाते.

बॅकलॉग, तुझ्या नोकरीच्या शंकेवर, क्वांटिटी काढण्याचं काम कमी होणार हे नक्की, लपवण्यात अर्थ नाही. पण ड्रॉइंगमध्ये न दाखवलेलं काय आहे हे ओळखणारा लागणार आहे. पॅरापेट दाखवलाय, त्याखालचं वॉटरप्रूफिंग नाही दाखवलं, असलं. ते शिकून घे.

हार्नेस_लावा

सेफ्टीत आहे. एक बाजू कुणी काढली नाही म्हणून लिहितो. हेल्मेट आणि जॅकेट ओळखणारे कॅमेरे साइटवर येतायत, चांगली गोष्ट आहे, पण उद्या हीच पोरं त्या स्क्रीनसमोर बसणार आणि कामगारावर कारवाई करणार, तर त्यांना ते यंत्र कसं चुकतं हे माहीत पाहिजे. गुगलचं टीचेबल मशीन ब्राउझरमध्ये चालतं, वेबकॅमवर दहा मिनिटांत हेल्मेट ओळखणारं मॉडेल होतं. पोरांना मुद्दाम हेल्मेटवाले फोटो सगळे बाहेर उन्हात आणि बिनहेल्मेटचे वर्गात काढायला सांगा. मग बिनहेल्मेटच्या पोराला उन्हात उभा करा, यंत्र बहुतेक त्याला हेल्मेट घालून टाकेल कारण ते हेल्मेट शिकलंच नाही, उजेड शिकलं. सगळी हेल्मेटं पिवळी वापरलीत तर पांढऱ्यावर गडबडतं. हे एकदा बघितलेला माणूस अलार्म वाजला म्हणून लगेच कुणाचा दिवस कापणार नाही.

आणि कॅमेऱ्याला हार्नेस घातलेला दिसतो, पण हुक कुठे अडकवलाय ते बऱ्याचदा दिसत नाही. हार्नेस घालून नुसता फिरणारा माणूस आणि लाइफलाइनला अडकलेला माणूस स्क्रीनवर दोघंही हिरवे. पडतो तो पहिला.

कायद्याचं पण थोडं घ्या. युरोपियन युनियनच्या एआय कायद्याचं कलम ४ हे २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालं, एआय वापरणाऱ्या कंपनीने आपल्या माणसांना त्याची पुरेशी समज द्यावी अशी जबाबदारी त्यात टाकलीय. त्याच दिवसापासून कामाच्या जागी माणसाच्या भावना ओळखणारं एआय तिथे बंद आहे, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण असेल तर वेगळं. बाकी जगात काय होईल ते होईल पण कामगाराला विचारलंय का, त्याचा चेहरा कुठे साठतोय, किती दिवस, हे प्रश्न सेफ्टीच्या तासाला यायला हवेत. तीच गोष्ट ड्रॉइंगची. पोरं क्लायंटचं ड्रॉइंग सरळ फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकतात, टेंडरचे दर टाकतात. ते कुणाचं आहे, टाकायची परवानगी आहे का, एवढं तरी विचारायची सवय लावा.

ओळंबा_मास्तर

अरे वा, मी दोन ओळींच्या उत्तराची अपेक्षा केली होती. सगळ्यांचे आभार.

माझं साधारण ठरतंय ते लिहितो, चुकत असेन तर टोका. वेगळे तास नको. स्लीपनर आणि ये यांचा डेटासेट काँक्रीट टेक्नॉलॉजीत, अंदाज आधी आणि एआय नंतर ही शिस्त एस्टिमेटिंगमध्ये, शटरिंगचं न विचारलेल्या प्रश्नांचं प्रॅक्टिकल बांधकाम पद्धतीच्या विषयात, तो माझा नाही पण शिकवणारा मित्र आहे. हेल्मेटचा प्रयोग सेफ्टीवाल्यांना देतो. पायथॉन वगळतोय, ज्याला हवं त्याने करावं.

मार्कांचं अडलंय. बॅकलॉग म्हणतो तसं तोंडी घ्यायचं तर साठ पोरांची तोंडी घ्यायला वेळ कुठून आणायचा? आणि क्यूब टेस्ट ताई, मोजलेले आकडे एआयने भरले हे ओळखायचं कसं, तुम्हीच म्हणता की शंका येत नाही.

क्यूब_टेस्ट_ताई

ओळखायचं नसतं सर, तशी संधीच ठेवायची नसते. रीडिंग लॅबमध्येच पेनने, तिथेच सही, डायलचा किंवा डिस्प्लेचा फोटो वेळेसकट. मग घरी जाऊन रिपोर्ट एआयने लिहिला तरी चालेल, आकडे आधीच बांधलेले असतात. आम्ही साइटवर पण हेच करतो.

जुना_कॅल्क्युलेटर

साठांची तोंडी नको मास्तर. असाइनमेंटसोबत एक पान जोडायला लावा, हाताने लिहिलेलं. त्यावर आधीचा अंदाज, एआयचं उत्तर, दोन्हीत फरक किती आणि तो का, आणि एआयने धरलेली पण सांगितली नसलेली गृहीतकं. मार्क त्या पानाला, उत्तराला नाही. मग प्रत्येक वेळी पाच-सहा जण चिठ्ठी काढून उभे करा, आपला नंबर येऊ शकतो एवढं माहीत असलं तरी पुरतं. आणि कधीतरी स्वतःच एक चुकीचं उत्तर एआयच्या थाटात बनवून वाटा, व्यवस्थित स्टेप्स, कलम क्रमांक सगळं, आणि चूक शोधायला लावा. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, २० मिमी लिहा आणि प्रश्नात समुद्रकिनाऱ्यावरची इमारत द्या. ज्याला तिथे एक्स्पोजर (हवापाण्याचा मारा) कुठलं धरायचं आणि कव्हर ४५ च्या आसपास जाणार हे दिसेल तो पास.

बॅकलॉग_क्लिअर

हे शेवटचं भारी आहे सर, पण उत्तर ग्रुपवर दहा मिनिटांत फिरेल, दोन-तीन वेगवेगळे बनवा 😅 आणि मॅडम, तो काँक्रीटचा डेटासेट मोबाईलवर उघडेल का, लॅपटॉप सगळ्यांकडे नाहीये.

डेटा_आणि_वाळू

हो, एक्सेलचीच फाइल आहे, छोटी आहे, फोनच्या स्प्रेडशीट ॲपमध्ये उघडते. आलेख पण निघतो तिथे. ऑरेंजला मात्र कॉम्प्युटर लागेल, चौघांत एक चालतो. मास्तर, वयाच्या रकान्याकडे लक्ष द्या, पोरं ३, ७, २८, ९० सगळे दिवस एकत्र करून आलेख काढतात आणि मग एब्रॅम्सला शिव्या देतात.